मेल सर्व्हरचा बॅकअप कशावर घेऊ? (जळगाव, बजेट १५ हजार)

पाइपवाला: नमस्कार मंडळी. एमआयडीसीतली पाइपची कंपनी, आयटी म्हणजे मी एकटाच. मेल सर्व्हर झिम्ब्रा ८.८.१५, फुकटवाली ओपन सोर्स आवृत्ती, साठेक मेलबॉक्स, ४०० जीबी डेटा. बॅकअप आजवर नाहीच. शेठ १५ हजारांवर एक रुपया सोडणार नाहीत. काय घेऊ?

तापीकाठ: डोळे मिटून चार बेचा नास घ्या, म्हणजे चार डिस्क बसणारा, नेटवर्कला जोडायचा डबा. आमच्या भुसावळच्या ऑफिसात आहे, रेड ५ लावलंय, एक डिस्क गेली तरी डेटा राहतो, निवांत झोपतो. डिस्कसकट साठ हजार धरून चाला.

धुळेकर: बजेट वाचलंत का? आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. मेल उडवला की सगळ्या डिस्कवरून एकदमच उडतो.

तापीकाठ: अहो, मी नासवर बॅकअपच घेतो. रेड त्या नासचं आहे. नीट वाचत जा.

चोपडेकर: क्लाउडवर जा. स्वतःचा मेल सर्व्हर आता ठेवतं कोण?

अहिरानी_गडी: भाऊ, साठ जनस्ना दर महिनाना पैसा कोन देई, तू? आठे शेठ पंखा बी लई देत नही.

धुळेकर: शिवाय १० एमबीपीएसच्या अपलोडने ४०० जीबी चढवायला अखंड पावणेचार दिवस लागतील. आमच्याकडे तर लाइट गेली की राउटरही गेला.

सर्व्हरकाका: ओपन सोर्स झिम्ब्रात बॅकअपची सोय येत नाही, ती पैसेवाल्या आवृत्तीत असते. तेव्हा आरसिंक, म्हणजे फाइली कॉपी करायची लिनक्सची कमांड. आधी सर्व्हर चालू असताना 'ऑप्ट झिम्ब्रा' फोल्डरची कॉपी काढ. मग रात्री सेवा थांबवून पुन्हा चालव, फक्त बदललेलंच जातं, म्हणून थोडक्यात उरकतं. आरसिंकला मोठा एच पर्याय विसरू नकोस: एकच मेल वीस जणांना गेला तरी झिम्ब्रा फाइल एकच ठेवतो, बाकी हार्ड लिंक, म्हणजे त्याच फाइलला दिलेली जादा नावं. एच नसेल तर कॉपी फुगते. डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या फॉरमॅटमध्ये कर, एक्सफॅट फॉरमॅटवर हार्ड लिंक टिकत नाहीत. दोन यूएसबी डिस्क घे, एक कायम काढून ठेव. रॅन्समवेअर, म्हणजे खंडणी मागणारा व्हायरस, जोडलेली डिस्कही लॉक करतं.

चोपडेकर: मीही डिस्कच म्हणणार होतो.

सर्व्हरकाका: रिस्टोअरला तीच आवृत्ती, तीच ओएस, तेच होस्टनेम (सर्व्हरचं नाव) लागतं. इन्स्टॉलर आत्ताच जपून ठेव, ८.८.१५ चा सपोर्ट २०२३ च्या अखेरीस संपलाय. चाचणी घेशील तेव्हा त्या मशीनची नेटवर्क केबल काढ, नाहीतर रांगेत अडकलेले जुने मेल पार्ट्यांना पुन्हा जातील. आणि सर्व्हर दिवसभर बंद राहिला तर घाबरू नकोस, समोरचे सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा पाठवून बघतात.

तापीकाठ: यूएसबी डिस्क मे महिन्यात भाजून निघतात. आमची एक गेलीच. म्हणून नास.

धुळेकर: मग नास काय माठात ठेवता?

पाइपवाला: सगळ्यांचे आभार. शेठच्या शालकाकडे दोन बेचा जुना नास आहे, ९ हजारात डिस्कसकट देतोय. शेठनी हो म्हटलं, उद्या आणतोय. काका, रात्री सेवा थांबवणं मात्र जमणार नाही, शेठ दुबईच्या पार्टीशी रात्रीच बोलतात.

सर्व्हरकाका: मग निदान एलव्हीएम स्नॅपशॉट, म्हणजे चालू डिस्कचं त्या क्षणाचं गोठवलेलं रूप, काढून त्यावरून कॉपी कर. आणि पैसे देण्याआधी डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे तिच्या तब्येतीची नोंद, बघ, किती तास चालल्यात ते त्यात येतं.

अहिरानी_गडी: शालकले इचारी पाहा, इकी का राहिना.