दिबा आधी वकील की आधी आंदोलक?

खारघरकर (धागाकर्ता)
परवा पनवेल लोकलमध्ये कॉलेजची दोन पोरं समोर बसली होती. विषय नवी मुंबई विमानतळाचा. एकाने विचारलं, "दि. बा. पाटील म्हणजे कोण रे?" दुसरा ठामपणे म्हणाला, "विमानतळाच्या नावासाठी मोर्चा काढला ना, ते." आता विमानतळाला दिबांचं नाव द्या म्हणून २४ जून २०२१ ला सिडको भवनाला घेराव पडला, तो दिबांच्या पुण्यतिथीचा दिवस. त्यांना जाऊन त्या दिवशी आठ वर्षं झाली होती. पोरांचा दोष नाही म्हणा, आपणच नावाच्या भांडणात माणूस हरवला.

तर माझं म्हणणं सरळ मांडतो. उरणजवळच्या जासईत १९२६ साली जन्मलेला हा माणूस पनवेलमधून पाच वेळा आमदार झाला, दोनदा कुलाब्याचा खासदार झाला, विधानसभेत विरोधी पक्षनेता होता. हे सगळे सांगतात. ते वकील होते हे मात्र 'शिक्षण' या रकान्यात उरकून टाकतात. मला वाटतं सगळी गोम तिथेच आहे. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आलं, ९५ गावांच्या जमिनी घ्यायच्या ठरल्या. हाताशी भूसंपादनाचा कायदा होता १८९४ चा. त्यातल्या कलम १८ खाली शेतकरी कोर्टात गेला तर कोर्ट काय देणार? वाढीव मोबदला. रक्कम वाढेल, जमिनीत वाटा नाही मिळणार. हे ज्याला कळतं तो माणूसच कोर्टाची पायरी सोडून रस्त्यावर 'विकसित जमिनीत हिस्सा द्या' असं म्हणू शकतो. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्या, ही मागणी मला वकिली डोक्यातली वाटते. मतं मांडा.

जासईचा_नातू
खारघरकर दादा, राग मानू नका, पण हे वाचून डोकं फिरलं. याच जमिनीच्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली. त्यांना कुठलं कलम माहीत होतं? माझा बापूस तेव्हा पंचविशीतला, गर्दीत होता. तो सांगतो, बाया पुढे होत्या, डोक्यावर पदर, हातात काही नाही. सरकार हललं ते त्या रक्ताने. तुम्ही सगळं श्रेय डोक्याला देऊन टाकलंत, शरीरं गेली त्यांचं काय?

बापूस अजून एक बोलतो: "दिबा सबेत इंग्रजी कागद वाचायचं नि आमाला आमच्या बोलीत सांगायचं." हे मात्र तुमच्या बाजूचं आहे, म्हणून प्रामाणिकपणे लिहिलं.

वकीलबाई_ठाणे
धागाकर्त्यांचं कायद्याचं वाचन अर्धं बरोबर आहे. कलम १८ पैशापुरतं, खरं. पण हायकोर्टात रिट करून संपादनालाच आव्हान देता येत होतं. ते क्वचित टिकायचं, कारण 'सार्वजनिक हेतू' म्हटलं की न्यायालयं फार खोलात शिरत नसत. म्हणजे दार होतं, पण बहुतेक वेळा आतून बंद.

आणखी एक. त्याच १९८४ मध्ये सप्टेंबरात केंद्राने भूसंपादन कायदा बदलला. दिलासा रक्कम (जमीन सक्तीने घेतली म्हणून मोबदल्यावर मिळणारी जादा रक्कम) १५ वरून ३० टक्के केली आणि कलम २८अ आलं. त्याने काय झालं, तर शेजाऱ्याने कोर्टातून वाढीव दर मिळवला की जो कोर्टात गेलाच नव्हता तोही अर्ज करून तो दर मागू शकतो. ठाण्यात मी अशा फायली पाहिल्या आहेत. अंगठ्याच्या ठशांचे अर्ज, तारखा उलटून गेलेल्या. मुदत तीन महिन्यांची, आणि ती कुणी गावात जाऊन सांगायची? वकील पुढारी लागतो तो इथे. सभा गाजवणारे शंभर मिळतात.

वाशीतला_भाडेकरू
मी बाहेरचा, त्यामुळे शिव्या खायला तयार आहे. हिशोब करू या. एकराचे ४० गुंठे, त्याचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के कापतात, हातात येतात पावणेनऊ टक्के, म्हणजे साडेतीन गुंठे. तत्त्व मिळालं १९८४ च्या लढ्यातून, वाटपाचा शासन निर्णय निघाला १९९० साली. तोपर्यंत एका खातेदाराचे पाच वारस झालेले. मग बिल्डर येतो, दोन फ्लॅट आणि थोडी रोकड देतो, विषय संपला. घणसोलीत मी राहिलो ती इमारत अशाच प्लॉटवर होती. मूळ मालक तळमजल्याच्या मागच्या खोलीत. याला विजय म्हणायचं?

आणि दिबा हयातभर शेकापमध्ये (शेतकरी कामगार पक्ष), मग उतारवयात शिवसेनेत. तेही लिहा की.

जासईचा_नातू
भाडेकरू भाऊ, विकणाऱ्याने विकलं त्याचं खापर दिबांवर फोडू नका. आमच्या चुलत्याने पण विकला. गाडी घेतली, लग्नं लावली, आज रिकामा आहे. पण प्लॉटच नसता तर विकायलाही काय होतं?
पक्ष बदलला हे आम्हालाही आवडलं नव्हतं. घरात शेकापच्या लाल बावट्याचा फोटो होता, तो कुणी काढला नाही.

मीठागर
तुम्ही सगळे सातबारावाले एकमेकांत भांडताय. माझ्या आजोबांच्या नावावर सातबारा नव्हताच. दुसऱ्याच्या मिठागरात मजुरी, पावसाळ्यात खाडीत मासळीसाठी बोक्षी (जाळं) लावायची. मिठागर गेलं, खाडीत भराव पडला, मासळी गेली. साडेबारा टक्के कशाचे? शून्याचे? कूळकायद्यात ज्याचं नाव लागलं तो पुढे प्रकल्पग्रस्त झाला, ज्याचं राहिलं तो नुसताच ग्रस्त. दिबांबद्दल आदर आहे, पण त्यांच्या वकिलीत आमचा दावा कुठे होता ते सांगा.

टायपिंग_चुकलं
मीठागर +१

वकीलबाई_ठाणे
मीठागर, याला माझ्याकडे उत्तर नाही, फक्त माहिती आहे. २०१३ च्या नव्या कायद्यात जमीन नसलेलं पण तीन वर्षं त्या जमिनीवर पोट असलेलं कुटुंबही बाधित धरलं आहे. शहर वसवण्यासाठी जमीन घेतली तर विकसित जमिनीतला २० टक्के भाग मूळ जमीनमालकांना द्यायचा, खर्चाच्या दराने. हा कायदा लागू झाला १ जानेवारी २०१४ ला. दिबा गेले जून २०१३ मध्ये.

खारघरकर
नातूभाऊ, पाच जणांचा उल्लेख मी पहिल्याच परिच्छेदात करायला हवा होता. चुकलं. पण डोकं आणि शरीर अशी वाटणी माझ्या मनात नाही. आपल्याच जिल्ह्यात चरीचा संप झाला, सहा वर्षं कुळांनी जमीन कसली नाही, आणि १९३७ साली बाबासाहेबांनी कायदेमंडळात खोती, म्हणजे खोतांची जमीनदारी, मोडण्याचं विधेयक मांडलं. तेही बॅरिस्टर. शेतात संप आणि सभागृहात मसुदा, ही आपल्याकडची जुनी रीत. दिबा त्यातले, एवढंच म्हणायचं होतं.

भाडेकरू, हिशोब मान्य. फक्त साडेतीन गुंठ्यांची तुलना शून्याशी करा, एकराशी नको.

मीठागर यांचा मुद्दा मला खोडता येत नाही. शीर्षक बदलता आलं असतं तर बदललं असतं.

वाशीतला_भाडेकरू
शून्याशीच केली तर मग मीठागरचे आजोबा आणि तुमचे, दोघांत फरक साडेतीन गुंठ्यांचा. बघा पटतंय का.

जासईचा_नातू
जानेवारीत १६ तारखेला जासईला या सगळे. हुतात्म्यांना मानवंदना असते. खारघरकर, लोकलमधली ती पोरं परत भेटली तर त्यांनाही आणा, बापूस सांगेल दिबा कोण ते.

मीठागर
येईन. पण आजोबांचं मी तिथेही विचारणार.