अनुभव धागा : नापा, द्राक्षांचे गाव

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला असलेल्या नापा शहरात आपल्यापैकी अनेक जण पाहुण्यांना घेऊन जातात आणि चार वाइनरी पाहून परततात. परंतु तेथील शेती, स्वयंपाक आणि माणसे ज्यांना जवळून पाहता आली, त्यांनी आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत, ही विनंती. सुरुवात मी करते.

माझे वडील निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदार आहेत. ते फेब्रुवारीत आमच्याकडे आले, तेव्हा गावी माल उतरवण्याची धांदल चालू होती आणि नापात मात्र वेली निष्पर्ण उभ्या होत्या, ओळींमध्ये पिवळीधमक मोहरी फुलली होती. आपल्याकडे उष्ण हवेत वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. येथे हिवाळ्यातील एकाच छाटणीवर भागते, याचे त्यांना फार अप्रूप वाटले. बागेतील कामगाराच्या परवानगीने त्यांनी वाकून खोडावरील कलमाची गाठ अंगठ्याने चाचपली आणि "आपल्या डॉगरिजवर असते तशीच आहे गं," एवढेच ते म्हणाले. (डॉगरिज म्हणजे आपल्याकडे द्राक्षाचे कलम ज्या खुंटावर बांधतात, त्याची एक जात.)

*

२४ ऑगस्ट २०१४ रोजी पहाटे ३ वाजून २० मिनिटांनी ६.० तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा मी नापात भाड्याने राहत होतो. फडताळातील डाळी-तांदळाच्या बरण्या फुटून सगळे एकत्र झाले होते. अनेक वाइनरींमध्ये ओकच्या लाकडाची भरलेली पिंपे कोसळली. तोडणीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता, त्यामुळे बहुतेक द्राक्षे अजून वेलींवरच होती, हेच त्यातल्या त्यात समाधान.

*

माझ्या सासूबाई मद्याला शिवत नाहीत, तरी नदीकाठच्या ऑक्सबो बाजारात त्यांचे दोन तास सहज गेले. पावाचा तुकडा ऑलिव्ह तेलात बुडवून खाताना त्यांना घाण्याच्या ताज्या शेंगतेलाची आठवण झाली.

*

मी नाशिकच्या गंगापूर रस्त्यावर वाढलो आणि तेथील बागांचे प्लॉट होताना पाहिले, म्हणून नापात मला सर्वांत मोलाचा वाटला तो १९६८ सालचा निर्णय. त्या वर्षी काउंटीने खोऱ्यातील शेतजमीन शेतीसाठीच राखून ठेवली आणि लहान तुकडे पाडण्यावर बंधन घातले. शहराची शेवटची घरे मागे पडताच आजही थेट वेलींच्या रांगा लागतात.