‘ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाइन’ पाहिलेल्यांनो, या इकडे (अनुभव धागा)

पन्हं
भाचीने काल ऑफिसातल्या फॅन्सी ड्रेसचा फोटो पाठवला. केस पिंजारून उभे केलेले, कानशिलांवरून वर गेलेले दोन पांढरे पट्टे. म्हटलं, ही कोण गं? तर म्हणे, "माहीत नाही मावशी, नेटवर बघितलं." मला मात्र लगेच आमची फिल्म सोसायटी आठवली. १९३५ चा भयपट, दिग्दर्शक जेम्स व्हेल. फ्रँकेनस्टाइन हा शास्त्रज्ञ, त्याने घडवलेला तो राक्षस, आणि राक्षसासाठी घडवलेली ही असल्या केसांची वधू. रीळ बदलताना दिवे लागायचे आणि मागच्या रांगेतून शेरे सुरू. आम्ही टवाळी करायच्या तयारीनेच गेलो होतो. राक्षस आंधळ्या म्हाताऱ्याच्या झोपडीत शिरला आणि मागची रांगही गप्प. पहिला भाग (१९३१) चांगलाच आहे, पण पुन्हा बघावासा वाटतो तो हा दुसरा. भीती वाटायच्या आधी त्याची कीवच येते. तुम्ही कुठे, कोणाबरोबर पाहिलात, लिहा.

खारी_बटर
जगातला सगळ्यात फसलेला कांदेपोहे कार्यक्रम! मुलगा एका पायावर तयार, मध्यस्थ खूश, आणि मुलीने तोंड बघून किंकाळी फोडली.

सांडगी_मिरची
खारी, मुलीचं काय चुकलं? धड उभी राहते न राहते तोच स्थळ समोर. तिला विचारलं होतं का कोणी?

खारी_बटर
नाही ना. म्हणून तर ती लाडकी.

रात्रपाळी
झोपडी. बास. हॉस्टेलवर मित्राच्या कॉम्प्युटरवर पाहिला. हा जखमी, व्हायोलिन ऐकून दाराशी येतो. म्हाताऱ्याला दिसत नाही, म्हणून तो घाबरतही नाही. खायला घालतो, निजवतो, आणि सोबत पाठवलीस म्हणून देवाचे आभार मानतो. राक्षसाच्या गालावरून थेंब ओघळतो. पुढे पाव, वाइन, सिगार. विस्तव बघून बिथरणारा तो, धूर सोडत खुशीत हसतो! मग वाट चुकलेले दोघं बंदूकवाले येतात आणि सगळ्याची राख.
माझ्या आजोबांना शेवटी दिसत नव्हतं. दारात पाऊल वाजलं की आधी "बस, पाणी घे", मग "कोण रे?" हा प्रसंग आला की मी उठून गॅलरीत जातो.

माजघर
रात्रपाळी, डोळे भरले. मोतीबिंदू होता का? आमची आजी ऑपरेशनला शेवटपर्यंत तयार झाली नाही.

रात्रपाळी
काचबिंदू. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

माजघर
चाळिशीनंतर डोळ्यांचं प्रेशर तपासून घ्या रे सगळ्यांनी. अवांतराबद्दल क्षमस्व.

ढवळाढवळ
राक्षस झालेल्या बोरिस कार्लॉफचे गाल बघा. पहिल्या भागात त्याने दातांचा ब्रिज काढून ठेवला होता, म्हणून एक गाल खपाटीला गेलेला. या वेळी संवाद आहेत, म्हणून ब्रिज तोंडातच. राक्षसाने बोलूच नये असं त्याचं मत होतं. व्हेलने ऐकलं नाही ते बरंच केलं. मेकअपवाला जॅक पिअर्सही भारी: पहिल्या भागाच्या शेवटी पवनचक्कीच्या आगीत जळलेले राक्षसाचे केस सिनेमाभर हळूहळू वाढत जातात. आणि नामावलीत वधूसमोर नटीचं नाव नाही, नुसतं प्रश्नचिन्ह! एल्सा लँचेस्टर. सुरुवातीला दिसणारी मूळ कादंबरीची लेखिका मेरी शेली, तीही हीच.

लंडनची_लेक
शेवटी ती फिस्स करते ना, ते तिने इथल्या रीजंट्स पार्कातल्या हंसांवरून उचललं, तिनेच सांगितलंय. खरंच तसेच अंगावर येतात मेले. माझ्या सँडविचवर डोळा असतो.

नगरी_नग
कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. कार्लॉफचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, वडील हिंदुस्थानात मीठ खात्यात. सयामच्या राजवाड्यात शिकवायला गेलेली अ‍ॅना लिओनोवेन्स ठाऊक असेल, ती याच्या आजीची सख्खी बहीण. तिचा जन्म १८३१, आमचं नगर! म्हणजे राक्षस नात्यातला निघाला.

खारी_बटर
तरीच. पोटभर खायला घातलं की गडी खूश.

वेताळ_टेकडी
मला नाही झेपला. ती मोलकरीण मिनी केवढी केकाटते! अर्धा भयपट, अर्धा फार्स. त्यापेक्षा रामसेंचा ‘पुराना मंदिर’ बघा, दचकाल तरी.

पन्हं
अहो वेताळ, बरण्या विसरलात? वधू घडवायला लावणाऱ्या त्या डॉ. प्रिटोरिअसने बरण्यांत इवलीशी माणसं ठेवलीत. राजा निसटून राणीच्या बरणीकडे धावतो आणि डॉक्टर त्याला चिमट्याने उचलून परत आत टाकतो. हसला नाहीत?

वेताळ_टेकडी
हसलो. तेवढं मान्य.

सांडगी_मिरची
बरण्यांवरून आठवलं, कैरी आली का कुठे?

फोडणी
कुकर होईपर्यंत सगळं वाचून काढलं. पाहिला नाहीये. केवढा आहे? मुलं घाबरतील का?

पन्हं
७५ मिनिटं. सातवी-आठवीच्या पुढे खुशाल दाखवा. वधूच्या वेळी फ्रान्झ वॅक्समनचं संगीत कान देऊन ऐका. आधी नगाऱ्याचे ठोके, काळीज धडधडावं तसे. ती उभी राहते आणि चक्क लग्नाच्या घंटा!

ढवळाढवळ
प्रयोगशाळा कोसळते तेव्हा पॉज करा. पळून गेलेला फ्रँकेनस्टाइन आत भिंतीशी उभा दिसेल. आधी त्याला मारायचं ठरलं होतं, शेवट बदलला, पण ते दृश्य तसंच राहिलं.

फोडणी
आज मॅच आहे, टीव्ही मिळणार नाही. रविवारी बघते. सांडगीताई, कैरी आली, पण भाव ऐकून परत आले.