प्रतिसाद: टॅक्स भरतो मग कचऱ्याचे वेगळे पैसे का?

वर एकांनी विचारलंय की प्रॉपर्टी टॅक्स भरतो तर कचरेवाल्या ताईंना दरमहा वेगळे पैसे कशाला. अहो, घनकचरा नियमांत 2016 पासूनच आहे ते, कचरा करणाऱ्या प्रत्येकाने युजर फी, म्हणजे कचरा उचलण्याचे पैसे, द्यायची. आणि पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताईंचं घर या फीवर आणि भंगार विकून येणाऱ्या पैशांवरच चालतं, त्यामुळे फी बुडवू नका प्लीज.

दुसरं, खालचं हॉटेल सोसायटीच्या बादलीत खरकटं ओततं म्हणालात, तर हॉटेलचं ते वागणं साफ चूक आहे. हॉटेलांनी ओला-सुका वेगळा करून द्यायचा आणि ओला शक्यतो स्वतःच्या जागेतच जिरवायचा, आणि रोज सरासरी 100 किलोच्या वर कचरा असेल तर ते बल्क जनरेटरमध्ये, म्हणजे मोठ्या प्रमाणात कचरा करणाऱ्यांत, येतात. फोटो काढून वॉर्ड ऑफिसला लेखी द्या, तोंडी सांगून काही होत नाही.

आणि डायपर-पॅड उघडे टाकू नका हो! आमच्याकडच्या ताई पार्किंगमध्ये बसून हातानेच सगळं निवडतात, बघवत नाही. कागदात घट्ट गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे त्यांना न उघडताच कळतं.