मदत हवी आहे: जमीन कुणाच्याच नावावर नको, पण पुढच्या पिढीला ती आपली वाटावी

आम्ही चुलत भावंडं मिळून आजोबांनी राखलेली झाडांची जमीन सांभाळतो. तिचे वाटे करायचे नाहीत, विकायची नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे. अडचण पुढच्या पिढीची आहे. हिस्साच नसेल तर मुलं जीव का लावतील?

न्यूझीलंडमध्ये २०१४ च्या कायद्याने 'ते उरेवेरा' नावाचं जंगल कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती ठरलं. ते कुणाच्या मालकीचं नाही, त्याच्या वतीने मंडळ निर्णय घेतं आणि तिथल्या मूळ रहिवासी तूहोए लोकांचं त्याच्याशी असलेलं नातं कायद्यातच मान्य केलंय. मला हे फार मोलाचं वाटतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही सामायिक संपत्तीवरच्या कामासाठी. जे वापरतात त्यांचा नियम ठरवण्यात वाटा असेल तर व्यवस्था टिकते, असं त्यांना दिसलं होतं.

पण आमची निम्मी मुलं दूर राहतात, वापरत काहीच नाहीत. मग निर्णयाचा हक्क रक्ताच्या नात्यावर द्यावा की केलेल्या कामावर? मी कामाच्या बाजूने आहे, भावाला ते कठोर वाटतं. आणि अडीनडीला कुणी पैसे मागितले तर? ज्यांच्याकडे अशी व्यवस्था दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत चालू आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा. ट्रस्टचा मसुदा करण्याआधी हे ठरवायचंय.