१,८०० मीटरची पाइपलाइन: दोन इंची, अडीच इंची की तीन इंची?

माळावरचा_सीताफळवाला (ता. केज, जि. बीड)

नमस्कार. आमची चार एकर माळाची जमीन आणि तिथे नुकतेच बांधलेले दोन खोल्यांचे घर गावाच्या वरच्या अंगाला आहे. विहीर मात्र खालच्या शिवारात ओढ्याकाठी, आमच्याच नावावरील तुकड्यात आहे. पाइपच्या मार्गाने हे अंतर १,८०० मीटर भरते. लेव्हल मशीनने मोजून घेतले असता विहिरीच्या काठापेक्षा माळ १२ मीटर उंच निघाला. उन्हाळ्यात विहिरीतील पाणी काठापासून सुमारे १५ मीटर खाली जाते. विहिरीचा व्यास २० फूट आहे. वाटेत तिघांची शेते, एक पाणंद आणि जिल्हा परिषदेचा एक डांबरी रस्ता लागतो. पहिले १,३०० मीटर काळी माती आहे आणि पुढच्या ५०० मीटरमध्ये हातभर मुरूम लागून खाली खडक लागतो.

एका दुकानदाराने दोन इंची, म्हणजे ६३ मिलिमीटरचा ४ केजी (चौरस सेंटीमीटरला ४ किलो दाब सोसणारा) पाइप सुचवला असून "मोटर मोठी घ्या, पाणी जाईल" असे त्यांचे म्हणणे आहे. दुसऱ्याने तीन इंची, म्हणजे ९० मिलिमीटरचा पाइप सांगितला आहे. नुसत्या पाइपच्या किमतीतच पाऊण ते एक लाख रुपयांचा फरक पडतो. सीताफळाची बाग ठिबकवर करायची आहे आणि घरालाही पाणी लागेल. जास्तीचे पैसे घालावेत का, आणि आम्हाला न दिसलेला खर्च आणखी कुठे आहे, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त_पाणीपुरवठा (लातूर)

आपण उंची आणि अंतर मोजूनच प्रश्न विचारला, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. एरवी लोक "बराच चढ आहे" एवढेच लिहितात.

सेकंदाला ४ लिटर पाणी न्यायचे असे धरू, म्हणजे तासाला १४,४०० लिटर. १,८०० मीटर लांबीत पाणी पाइपच्या भिंतीला घासत जाते आणि त्यात दाब खर्च होतो. हेझन-विल्यम्सच्या सूत्राने हिशेब केला, तर हा घर्षणाचा तोटा (दाब पाण्याच्या उंचीत, म्हणजे मीटरमध्ये मोजून) दोन इंचीत सुमारे ५८ मीटर, अडीच इंचीत २५ मीटर, तीन इंचीत १० मीटर आणि चार इंचीत जेमतेम ४ मीटर येतो. आपला प्रत्यक्ष उपसा १५ अधिक १२, म्हणजे २७ मीटरच आहे. दोन इंची पाइप टाकल्यास पाणी वर चढवण्यासाठी जितकी ताकद लागेल, त्याच्या दुपटीहून अधिक ताकद केवळ पाइपमध्ये घासण्यात जाईल.

त्या दुकानदारांच्या सल्ल्यातील खरी अडचण पुढे आहे. विहिरीच्या काठावर, लाइनच्या तोंडाशी, १२ मीटर चढ आणि ५८ मीटर घर्षण मिळून ७० मीटरचा दाब बसेल. दहा मीटर म्हणजे साधारण १ केजी, तेव्हा हा दाब ७ केजी झाला आणि ४ केजीचा पाइप तिथे टिकणार नाही. निदान अर्ध्या लाइनला ८ केजीचा पाइप घ्यावा लागेल, आणि दोन इंची ८ केजी पाइपचे मीटरमागे वजन तीन इंची ४ केजी पाइपच्या जवळपास जाते. पीव्हीसी पाइपची किंमत शेवटी वजनावर ठरते. म्हणजे जी बचत दिसते आहे तिचा बराचसा भाग तिथेच संपतो. शिवाय एवढ्या दाबाला १० एचपीची मोटर लागेल. शासनाची मोफत वीज योजना ७.५ एचपीपर्यंतच्या कृषिपंपांनाच असल्यामुळे आपण तिच्याही बाहेर जाल. तीन इंचीला ५ एचपी पुरते.

मात्र हे सर्व सेकंदाला ४ लिटर गृहीत धरून आहे, आणि आपली विहीर एप्रिलमध्ये तेवढे पाणी देते का, हे आपण लिहिलेले नाही. संध्याकाळी विहीर उपसून पाण्याच्या पातळीला खूण करावी आणि सकाळी पाणी किती फूट चढले ते मोजावे. वीस फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. रात्रीत सहा फूट चढले, तर ५३,००० लिटर झाले आणि ते ४ लिटरच्या गतीने पावणेचार तासांत संपेल. तेच पाणी आठ तासांत हळू न्यायचे ठरवले, तर गती सेकंदाला दोन लिटरहून कमी राहते, अडीच इंची पाइपमधील तोटा ६ मीटरवर येतो आणि ३ एचपीची मोटरही भागवते. दुकानात बसून पाइप ठरवू नये. तो विहिरीच्या काठावर, तेही उन्हाळ्यात, ठरवावा.

शिवारातील_चारी (ता. औसा)

वरील हिशेबाबद्दल दुमत नाही, परंतु अडीच इंचीकडे झुकण्यापूर्वी चारीचा खर्च पाहावा. चारी खोदायची तर पाइप कोणताही टाका, जेसीबी तेवढेच तास चालतो. काळ्या मातीत काम झपाट्याने होते. खडकात ब्रेकर लावला की तासाचा दर वाढतो आणि तासाभरात सरकणारे अंतर मात्र काही मीटरांवर येते. आपल्या ५०० मीटर खडकाची खोदाई उरलेल्या १,३०० मीटरपेक्षा महाग पडली, तर आश्चर्य मानू नये. म्हणून ब्रेकरचे काम तासावर न देता मीटरवर ठरवून द्यावे आणि खोली करारात लिहून घ्यावी. अडीच आणि तीन इंचीतील फरक पाइपपुरता राहतो. तो एकूण खर्चाच्या मानाने मोठा नसतो. पुढे विहिरीला आडवे बोअर मारले किंवा पाऊस चांगला होऊन पाणी वाढले, तर पुन्हा चारी खोदण्याची हिंमत कोणी करत नाही.

काळ्या रानाबद्दल आणखी एक गोष्ट. उन्हाळ्यात या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते, त्यामुळे पाइप वर राहिला तर सांधे ओढले जातात. तीन फूट खोली घ्यावी, तळाला चार बोटे बारीक मुरूम किंवा वाळू पसरावी आणि पाइपवर लगेच ढेकळे न लोटता आधी भुसभुशीत माती टाकावी. खडकाच्या पट्ट्यात तर हे टाळताच येत नाही. टोकदार दगडावर टेकलेला पाइप आज ना उद्या तिथेच फुटतो.

सोल्यूशन लावून सांधे जोडायचे काम मे महिन्याच्या भर दुपारी करू नये. सहा मीटरचा पाइप २० अंशांच्या फरकाने आठ मिलिमीटरच्या आसपास लांबतो. तापलेल्या अवस्थेत जोडून लगेच बुजवलेली लाइन पहिल्या पावसात आखडते आणि कच्चे सांधे निसटतात. सकाळी जोडावे, पाइपच्या मध्यावर माती टाकून सांधे उघडे ठेवावेत, पाणी सोडून दाब द्यावा आणि मगच सांधे बुजवावेत. चारी लवकर बुजवली की पुढच्या कामाला जाता येते, म्हणून ठेकेदार याला नाके मुरडतात; त्यांचे शेवटचे पैसे चाचणी होईपर्यंत राखून ठेवावेत.

तहसील_चकरा (अंबाजोगाई)

शेजाऱ्यांच्या शेतांविषयी थोडक्यात लिहितो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४९ नुसार दुसऱ्याच्या जमिनीतून पाण्याची लाइन नेण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. जमिनीखालून जाणारा पाइप किमान अर्धा मीटर खोल असावा, नुकसान कमीत कमी व्हावे आणि झालेल्या नुकसानीची भरपाई अर्जदाराने द्यावी, अशी त्यात तरतूद आहे. तथापि अर्ज हा शेवटचा मार्ग समजावा. बांधाबांधाने लाइन नेली तर शंभर-दीडशे मीटर वाढतील, पण संमती लवकर मिळेल. डांबरी रस्ता ओलांडण्यासाठी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाची परवानगी घ्यावी आणि जवळ नळकांडी पूल असेल, तर रस्ता न फोडता तिथून मोठ्या पाइपच्या आतून आपली लाइन काढता येईल का, ते विचारावे.

पाइप_वजनावर (लातूर मार्केट)

मी याच धंद्यात आहे, म्हणून कंपनीचे नाव घेत नाही. पाइप घेताना आयएसआय खूण आणि आयएस ४९८५ हा क्रमांक पाहावा, आणि दुकानातच एक पाइप काट्यावर ठेवावा. तीन इंची ४ केजीचा सहा मीटरचा पाइप पावणेपाच किलोच्या आसपास भरला पाहिजे. "तसाच आहे, फक्त स्वस्त आहे" असा जो पाइप दाखवतात, तो बहुधा किलोभर हलका निघतो.

सगळी लाइन एकाच दाबाची घेण्याची गरज नाही. वीज गेली की वर चढलेले पाणी मागे येते आणि त्याचा दणका विहिरीजवळच्या भागाला बसतो. शिवाय वरचा व्हॉल्व चुकून बंद राहिला, तर मोटरचा पूर्ण दाब तिथेच तुंबतो. म्हणून पहिले ५०० ते ६०० मीटर ६ केजी आणि पुढे ४ केजी घ्यावा. विहिरीच्या तोंडाशी चांगला एनआरव्ही (पाणी मागे न येऊ देणारा व्हॉल्व), उंचवट्यांवर अडकलेली हवा सोडणारा एअर व्हॉल्व आणि ओढ्याजवळच्या सखल जागी गाळ काढण्यासाठी वॉशआउट बसवावा. एअर व्हॉल्व गाळून वाचवलेले पैसे पुढे पाणी कमी येते म्हणून मोटर बदलण्यात जातात, असे माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांवरून सांगतो.

अनुदानाचा अर्ज शासनाच्या महाडीबीटी या ऑनलाइन पोर्टलवर करायचा आहे. अन्न सुरक्षा अभियानातून पीव्हीसी पाइपला मीटरमागे ३५ रुपये आणि कमाल १५,००० रुपये, अशी मर्यादा बरीच वर्षे राहिली आहे. एवढ्या लांबीला ही रक्कम तोकडी आहे, पण पूर्वसंमती मिळण्याआधी पाइप विकत घेतला तर तीही हातची जाते.

माळावरचा_सीताफळवाला

सर्वांचा आभारी आहे. विहिरीला खूण करून पाहिले. सध्या रात्रीत पाच फुटांच्या आत-बाहेर पाणी चढते. आता दोन शंका राहिल्या. ठिबक थेट या लाइनवर जोडावे का? आणि मधल्या शेतातील काका संमती द्यायला तयार आहेत, परंतु त्यांच्या बांधावर एक तोटी मागतात. ती द्यावी का?

निवृत्त_पाणीपुरवठा

पाच फूट म्हणजे सुमारे ४४,००० लिटर. एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण ४,००० लिटर, या हिशेबाने चार एकर सीताफळ आणि घर यांना ते पुरेल. उन्हाळ्याचा विचार करता अडीच इंची भागते. तरी खडकातील ५०० मीटर तीन इंचीच टाकावा, कारण तिथे पुन्हा ब्रेकर लावणे परवडणार नाही. मातीतील भाग बदलायची वेळ आलीच, तर तो पुढे बदलता येतो. औसेकरांचा मुद्दा मला तेवढ्यापुरता मान्य आहे.

ठिबक थेट जोडू नये. फिल्टरपाशी आणखी एक ते दीड केजी दाब लागतो आणि तो पूर्ण १,८०० मीटर लाइनवर बसतो. माळाच्या सर्वांत उंच कोपऱ्यावर टाकी बांधावी, लाइन तिच्यात मोकळी सोडावी आणि तिथून छोट्या पंपाने ठिबक चालवावे. घराचे पाणीही त्याच टाकीतून घेता येईल आणि विहिरीवर दिवसा वीज नसली तरी साठलेल्या पाण्यामुळे बागेचे अडणार नाही.

काकांना तोटी द्यावी. मात्र ती एक इंचीच असावी, तिचा व्हॉल्व कुलूपबंद चेंबरमध्ये असावा आणि आठवड्यातून कोणत्या वारी किती तास पाणी मिळेल, विहीर आटल्यास काय, लाइन फुटली तर दुरुस्तीसाठी त्यांच्या रानात उतरण्याची मुभा, हे सर्व स्टॅम्प पेपरवर लिहून दोघांच्या वारसांनाही लागू राहील असे करावे. उरलेल्या दोघांची संमतीही त्याच दिवशी लेखी घ्यावी, कारण एकाला तोटी मिळाल्याचे कळल्यावर दुसऱ्याचा दर बदलतो.