मदत हवी आहे: कूलंट कमी होतंय पण गाडीखाली एक थेंब नाही

नमस्कार मंडळी. 2013 ची पेट्रोल हॅचबॅक, 1 लाख 12 हजार किमी. महिनाभर झालं, कूलंटची बाटली मॅक्सपर्यंत भरली की आठ-दहा दिवसांत मिनच्या खाली, आणि खाली बघावं तर कोरडं ठणठणीत. रात्री गाडीखाली पेपर अंथरून बघितले, एकदा ओला सापडला म्हणून खुश झालो तर ते एसीचं पाणी निघालं.

गेल्या रविवारी रत्नागिरीहून कोल्हापूरला येताना साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो आणि टेंपरेचरचा काटा वर वर, मग एसी बंद आणि हीटर फुल्ल, तेही मे महिन्यात, बायको काही बोलली नाही हेच जास्त लागलं 😅 पण काटा उतरला.

गॅरेजवाला म्हणतोय हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं, हेड उतरवायचं. पण ऑइलच्या झाकणाला दुधाळ काही नाही, सायलेन्सरला पांढरा धूर नाही, बाटलीत बुडबुडे नाहीत, पायाखालचं मॅटिंगपण कोरडं. काल टॉर्च मारली तर वॉटर पंपाच्या (इंजिनात कूलंट फिरवतो तो) खालच्या अंगाला हिरवट-पांढरी खपली दिसली, नळाला क्षार धरतात तशी. आणि हो, शिव्या घाला पण गेल्या उन्हाळ्यात दोन-तीनदा बोअरचं पाणी ओतलंय मी. काय करू?

उत्तर: हेडला हात लावू देऊ नका अजून. पंपाला खाली बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की कूलंट तिथून झिरपतं आणि गरम इंजिनवरच वाळतं, जमिनीवर येणार कुठून? गाडी गार असताना प्रेशर टेस्ट करायला सांगा, रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून कॅपवर लिहिलंय तेवढं प्रेशर द्यायचं, साधारण 1 बार, आणि हातपंपाचा प्रेशरचा काटा उतरतोय का बघत बसायचं. कॅपचं रबरही बघा, होजच्या क्लिपापण. बोअरच्या पाण्याने आत क्षार आणि गंज धरतो, त्यात सीलची वाट लागते, तेव्हा पंप बदलताना सिस्टीम फ्लश करून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरा. इंजिन गरम असताना कॅप उघडू नका, तोंडावर उडतं.

धागाकर्ता: केली टेस्ट! काटा हळूहळू उतरला आणि पंपाखाली हिरवा थेंब लोंबायला लागला, व्हिडिओ काढून ठेवलाय. पंप मागवलाय. आता तोच गॅरेजवाला म्हणतो थर्मोस्टॅटपण (इंजिन तापलं की कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) बदला, बदलू का?

उत्तर: जुनाच असेल तर बदला, परत कूलंट काढायला नको.